कारखान्याच्या शेडमध्ये, गोदामात आणि बॉयलरच्या आत कॅमेरा ड्रोन उडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण-भोसरीच्या शेड, भिवंडीची गोदामे आणि साखर कारखान्यांचे ऑफ-सीझनचे काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरे. पहिल्यांदाच उडवणार असाल तर निदान प्रश्न १, ४, ५ आणि ९ वाचल्याशिवाय बॅटरी लावू नका.

१. आत वारा नसतो, पाऊस नसतो. मग बाहेरपेक्षा आत उडवणे सोपेच ना?

नाही. बाहेर रिमोटची स्टिक सोडली की ड्रोन जागेवर थांबतो, कारण तो उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखतो. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली ते सिग्नल येत नाहीत, किंवा अर्धवट येतात, आणि अर्धवट येणे जास्त धोक्याचे (प्रश्न ४). मग ड्रोनकडे उरतात तीन गोष्टी: पोटाखालचा कॅमेरा, जमिनीचे अंतर मोजणारा सेन्सर आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर. कारखान्यात या तिघांनाही फसवणाऱ्या गोष्टी भरपूर. खालचे बहुतेक प्रश्न शेवटी याच मुद्द्यावर येतात: ड्रोन कुठे आहे हे त्यालाच नक्की कळत नाही.

२. आमच्याच शेडमध्ये, आमच्याच छताखाली उडवायचे तर नोंदणी आणि परवाना लागतो का?

कुठे उडवायला परवानगी लागते हे सांगणारे हिरवा, पिवळा, लाल हे झोन उघड्या आकाशासाठी आहेत. ड्रोनची नोंदणी मात्र त्या यंत्राची असते, वर छत आहे म्हणून ती टळत नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे वजनाचे वर्ग असे: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. उडवायच्या यंत्राला यूआयएन म्हणजे ओळख क्रमांक हवा. रिमोट पायलट प्रमाणपत्र नॅनोला लागत नाही, आणि मायक्रो बिगर-व्यावसायिक कामासाठी असेल तरी लागत नाही. कारखान्याची तपासणी ‘हौस’ या सदरात बसवण्याचा प्रयत्न करू नका, ती व्यावसायिकच धरा. त्रयस्थ विम्यातूनही फक्त नॅनोला सूट आहे.

आणखी एक अडचण खरेदीच्या वेळी येते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार किंवा सुट्या संचातल्या परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना अपवाद आहे. बाजारात दिसणाऱ्या परदेशी ड्रोनचे बिल आणि नोंदणी होते की नाही, हे पैसे देण्याआधी विचारा. कंपनीचा सेफ्टी विभाग कागद मागतो तेव्हा उत्तर शोधायला वेळ नसतो.

३. कोणता ड्रोन घ्यावा?

काम काय, यावर. तीन प्रकार पुरतात.

शेडचा सर्वसाधारण व्हिडिओ, मशीन लाइनची पाहणी, उंच रॅकवरचा माल पाहणे: पंखांभोवती पक्के गार्ड असलेला छोटा ड्रोन. डीजेआय अवाटा २ या धाटणीचा, ३७७ ग्रॅमचा. गार्ड अंगातच असतात, त्यामुळे पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या तुळईला) हलका टेकला तरी सहसा पडत नाही.

ट्रस (छत पेलणारा लोखंडी सांगाडा), क्रेन गर्डर (क्रेन ज्यावर धावते ती तुळई), छताच्या जोडांचे स्थिर फोटो: चांगल्या गिंबलचा (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या जोडणीचा) फोल्डिंग ड्रोन, वरून लावायच्या गार्डसह. गार्डमुळे वजन वाढते, उड्डाणाची वेळ कमी होते आणि २४९ ग्रॅमचा ड्रोन नॅनोच्या मर्यादेबाहेर जातो. हे शेवटचे अनेकांच्या लक्षात येत नाही.

बॉयलर, टाकी, चिमणी, सायलो: पूर्ण पिंजऱ्यातला ड्रोन. फ्लायअॅबिलिटीचा एलिओस ३ हा त्यातला ओळखीचा. भिंतीला आपटून पुढे जाणे हाच त्याचा स्वभाव. लायडारसह (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरसह) वजन २ किलोच्या वर जाते, म्हणजे वर्ग स्मॉल, आणि एका बॅटरीत सुमारे ९ ते १२ मिनिटेच मिळतात. वर्षातून एकदाच लागत असेल तर विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडे आहे त्याला काम द्या.

उघड्या पंखांचा मोठा ड्रोन शेडमध्ये आणूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कॅमेरा कितीही चांगला असो.

४. आमच्या शेडमध्ये ८-१० उपग्रह दाखवतो. म्हणजे जीपीएसवर विसंबता येईल?

हाच सर्वांत मोठा सापळा. पारदर्शक पत्रा किंवा उघडे शटर असेल तिथून काही सिग्नल येतात, पण ते गर्डरवरून, पत्र्यावरून परावर्तित होऊन. ड्रोनला वाटते आपण १० मीटर डावीकडे आहोत. मग तो ‘जागेवर’ परतायला निघतो, थेट कॉलमच्या दिशेने. शटरजवळून किंवा पारदर्शक पत्र्याखालून जाताना ड्रोन अचानक झेप घेतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

उपाय: सेटिंगमध्ये जीपीएस बंद करायची सोय असेल तर बंद करा. नसेल तर शटर खाली करा, आणि शटरपासून व पारदर्शक पत्र्यांच्या रांगेपासून निदान ४-५ मीटर लांब राहा. बाहेर अंगणात टेकऑफ करून आत शिरू नका, त्याचे कारण पुढच्या प्रश्नात आहे.

५. सिग्नल तुटला तर रिटर्न-टू-होम असतेच की. ते चालू ठेवावे ना?

आत ते बंदच. रिटर्न-टू-होम म्हणजे आधी ठरलेल्या उंचीपर्यंत वर चढणे आणि मग होम पॉइंटकडे, म्हणजे टेकऑफच्या नोंदलेल्या जागेकडे, सरळ रेषेत येणे. ती उंची ३० मीटर असेल आणि छत १२ मीटरवर असेल, तर पुढे काय होणार ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, आत होम पॉइंटच नोंदला जात नाही. बरोबर, पण बाहेर टेकऑफ केले असेल तर तो बाहेरचा नोंदलेला असतो. आत गेल्यावर सिग्नल तुटतो, ड्रोन पारदर्शक पत्र्याखाली येतो, त्याला उपग्रह दिसतात आणि तो इमानदारीने वर चढायला लागतो.

सिग्नल तुटल्यावर काय करायचे, यासाठी बहुतेक ॲपमध्ये तीन पर्याय असतात: परत ये, खाली उतर, जागेवर थांब. मोठ्या शेडमध्ये ‘जागेवर थांब’ ठेवा. तुम्ही दहा पावले पुढे गेलात की सिग्नल जुळतो. खाली मशीन नसलेल्या मोकळ्या जागेत ‘खाली उतर’ चालेल. कमी बॅटरीवर आपोआप परतण्याची सेटिंग वेगळी असते, तीही बंद करा. एक बंद करून दुसरी विसरणारे बरेच.

६. टेकऑफच्या आधीच ‘कंपास एरर’ येते. तिथेच कॅलिब्रेट करू का?

मुळीच नाही. स्लॅबमधल्या सळया, मशीनचा पाया, जवळची मोटर यांच्या चुंबकीय क्षेत्रात कॅलिब्रेट केले तर चुकीचाच आकडा ‘बरोबर’ म्हणून साठतो, आणि बाहेर गेल्यावर ड्रोन भोवऱ्यासारखा वाढत्या वर्तुळात फिरू लागतो. कॅलिब्रेशन उघड्या मैदानात करा, गाडी, कुंपण आणि विजेच्या खांबापासून दूर.

आत एरर येत असेल तर आधी ड्रोन जमिनीवरून उचलून लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवा. पुष्कळदा अर्धा मीटर उंचीनेच एरर जाते. लोखंडी ट्रॉलीवरून टेकऑफ करू नका. वेल्डिंग चालू असलेल्या बेजवळही (कॉलमच्या दोन रांगांमधल्या भागाजवळ) नको. तिथे करंट बदलतो तसे क्षेत्र बदलते.

७. स्टिक सोडली तरी ड्रोन हळूहळू सरकतो. बिघाड आहे का?

सहसा नाही. पोटाखालच्या कॅमेऱ्याला जमिनीवर काहीतरी ‘धरायला’ लागते: डाग, भेगा, रेषा. पुढील ठिकाणी त्याला काही मिळत नाही किंवा तो फसतो.

चकचकीत इपॉक्सी फरशी, पाणी किंवा तेल सांडलेली जमीन: प्रतिबिंब हलले की जमीन हलली असे वाटते. चालू कन्व्हेयर, साखर कारखान्यातली ऊस पुढे नेणारी गव्हाण, खालून जाणारी क्रेन: ड्रोन पट्ट्याबरोबर निघतो. अंधार: छोट्या ड्रोनना साधारण १५ लक्सच्या वर प्रकाश लागतो, आणि मशीनच्या सावलीत तोही नसतो. जास्त उंची: बऱ्याच छोट्या ड्रोनमध्ये ही पकड १० मीटरच्या आसपास सुटते, म्हणजे १४ मीटरच्या शेडमध्ये छताजवळ तुम्ही एकटे.

यावर ठरलेली चाचणी:

१. टेकऑफ करून १.५ मीटरवर एक मिनिट स्टिकला हात न लावता थांबा.
२. सरकणे अर्ध्या मीटरच्या आत असेल तर ५ मीटरवर पुन्हा तेच.
३. मग कामाच्या उंचीवर, मोकळ्या बेमध्ये.
४. कुठेही एक मीटरपेक्षा जास्त सरकला तर त्या उंचीवर ड्रोन स्वतः स्टिकने सतत सांभाळून उडवायची तयारी हवी. ती नसेल तर काम थांबवा.

जमीन फारच गुळगुळीत असेल तर रंगीत मास्किंग टेपचे वेडेवाकडे तुकडे चिकटवा. चौकटीसारखे एकसारखे नकोत, कारण तोच तो नमुना पाहून कॅमेरा पुन्हा गोंधळतो.

८. छताजवळ गेला की वरच ओढला जातो. का?

ड्रोनचे पंख वरून हवा घेतात. वर पत्रा फार जवळ आला की तिथला हवेचा दाब घटतो आणि ड्रोन वर खेचला जातो. अंतर पंखाच्या व्यासाच्या आसपास आले की हा परिणाम एकदम वाढतो. घाबरून थ्रॉटल (वर-खाली नेणारी स्टिक) पूर्ण खाली ओढला, तर ड्रोन सुटल्यावर दोन मीटर कोसळतो. पिंजरा नसेल तर छतापासून १.५ मीटर, भिंतीपासून १ मीटर ही किमान अंतरे ठेवा. वर पाहायचे असेल तर वर वळणारा कॅमेरा घ्या, ड्रोन वर नेऊ नका.

९. उडवण्याआधी शेडमध्ये काय काय बंद करावे?

हे फोरमनच्या तोंडी होकारावर सोडू नका, वर्क परमिटवर लिहून घ्या.

ईओटी क्रेन (छताखाली धावणारी विजेची क्रेन) बंद, आणि तिच्या आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचला) टाळे व टॅग. ‘कोणी चालवणार नाही’ एवढे पुरत नाही. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर येऊन चढतो. क्रेनच्या बाजूने धावणारे वीजपुरवठ्याचे उघडे बसबार असतील तर त्यांचीही वीज तोडून घ्या.

मोठे छतपंखे, एक्झॉस्ट आणि ब्लोअर बंद. मोठा छतपंखा स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरतो, तो पूर्ण थांबेपर्यंत थांबा. छतावरचे टर्बो व्हेंटिलेटर बंद होत नाहीत, त्यांच्या खाली जायचे नाही.

ड्रोनच्या खाली कोणी नाही. दोरी किंवा टेप लावून जागा वेगळी करा, आणि एक माणूस फक्त तेवढ्यासाठी उभा ठेवा. तो ड्रोनकडे बघत बसला तर उपयोग नाही.

हे सगळे जेवणाच्या सुट्टीत उरकू म्हणणारे असतात. अर्ध्या तासात टाळे लावणे, उडवणे, टाळे काढणे होत नाही. शटडाऊन किंवा साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागा.

१०. कोणी दार उघडले की ड्रोनची उंची बदलते. हा भास आहे का?

भास नाही. एक मीटर उंचीला हवेचा दाब साधारण १२ पास्कलने बदलतो. औषध कारखान्यात खोल्याखोल्यांत १० ते १५ पास्कल दाबफरक मुद्दाम ठेवलेला असतो. दार उघडले की बॅरोमीटरला वाटते आपण मीटरभर वर किंवा खाली गेलो, आणि तो ‘दुरुस्ती’ करतो. मोठा एक्झॉस्ट सुरू झाला तरी तेच. उड्डाण चालू असताना दारे उघडायची नाहीत, शटर हलवायचे नाही. कमी उंचीवर खालचा सेन्सर हे सांभाळून घेतो. खरी अडचण उंचावर असते.

११. व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, फ्रेम सेकंदाला २५. १/६० किंवा १/१२५ ठेवले की पट्ट्या येतात. स्वस्त ड्रायव्हरच्या एलईडी हायबेखाली (उंच छताच्या मोठ्या दिव्यांखाली) १/५० लाही थोडे दिसते, तिथे ते दिवे बंद करून ड्रोनचाच दिवा वापरा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के करा. नाहीतर पारदर्शक पत्रा फ्रेममध्ये आला की गर्डर काळा पडतो.

१२. वेल्डमधली भेग दिसायला किती जवळ जावे लागते?

हिशेब सोपा आहे. २४ मिमी समतुल्य लेन्सचा कॅमेरा ३ मीटरवरून साधारण ४.३ मीटर रुंदी टिपतो. फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल म्हणजे जवळपास १.१ मिमी. १.५ मीटरवर अर्धा मिमी. भेग ‘आहे’ एवढे दिसायला एक पिक्सेलही कधी कधी पुरतो, पण तिची रुंदी मोजायची तर निदान तीन पिक्सेल हवेत. म्हणजे ०.३ मिमीची भेग मोजायला या लेन्सने जवळजवळ ३० सेंटीमीटरवर जावे लागेल. ते पिंजऱ्याशिवाय शक्य नाही. झूम लेन्स घ्या किंवा मोजायचा हट्ट सोडा.

यापेक्षा जास्त फोटो बिघडतात ते हालचालीने. १/१०० शटरला ड्रोन सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्यात तो १० मिमी सरकतो. एवढ्या अस्पष्टतेत भेग कसली दिसणार! प्रत्येक जोडाशी थांबून, दोन सेकंद स्थिर होऊ देऊन फोटो घ्या.

प्रकाश समोरून नको, तिरका हवा. सरळ प्रकाशात भेगेची सावलीच पडत नाही. फ्रेममध्ये माहीत असलेले माप येऊ द्या. साध्या एम-२० बोल्टचे षटकोनी डोके समोरासमोरच्या कडांत ३० मिमी असते. स्ट्रक्चरल बोल्टचे वेगळे, म्हणून ड्रॉइंग बघून खात्री करा.

१३. आतल्या आत सिग्नल का तुटतो? अंतर तर ४० मीटरच आहे.

लोखंडी कॉलम आणि भरलेली रॅक रेडिओ अडवतात, आणि जे पोचते ते दहा ठिकाणांवरून आपटून. शिवाय गोदामातले वाय-फाय २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ दोन्ही बँड व्यापून बसलेले असते. चॅनेल हाताने निवडा आणि ड्रोन ज्या गल्लीत असेल त्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. बॉयलर किंवा टाकीत रिमोटची अँटेना मॅनहोलच्या आत गेली पाहिजे. बाहेर उभे राहून सिग्नल मिळत नाही, आणि तुम्ही मात्र आत डोके घालायचे नाही (प्रश्न १६).

१४. उन्हाळ्यात पत्र्याखाली बॅटरी लवकर का संपते?

बहुतेक छोट्या ड्रोनची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सियस असते. एप्रिलमध्ये विदर्भातल्या शेडमध्ये पत्र्याखाली ती सहज ओलांडली जाते. ५० अंशांवरची हवा २० अंशांपेक्षा साधारण ९ टक्के विरळ, म्हणून मोटरला जास्त फिरावे लागते. सकाळी लवकर काम उरका. बॉक्सवर ३० मिनिटे लिहिली असतील तर १५ धरा आणि ३० टक्क्यांवर उतरा. फुगलेली बॅटरी आत आणायचीच नाही. काम आठवडाभर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या, पूर्ण भरलेली नको.

१५. साखर गोदामात किंवा पिठाच्या गिरणीत उडवता येईल?

धूळ जमलेली असेल तर नाही. ड्रोनच्या खालच्या झोताने बीमवर साचलेली धूळ हवेत उठते, आणि साखर, पीठ, स्टार्च, कोळसा यांची हवेत तरंगणारी बारीक धूळ स्फोटक असते. अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ येथे ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीच्या स्फोटात १४ कामगार गेले. नेहमीचा कॅमेरा ड्रोन फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेर जाऊ न देणारा) नसतो. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट), लिथियम बॅटरी यांपैकी कशाचीही ठिणगी पुरते. पिंजरा लावल्याने तो फ्लेमप्रूफ होत नाही, हा गैरसमज वारंवार दिसतो. सॉल्व्हंटच्या जागा, डिस्टिलरी, पेंट बूथ यांनाही हेच लागू. आधी व्हॅक्यूमने सफाई, मग सेफ्टी अधिकाऱ्याची लेखी ‘धोका क्षेत्र नाही’ अशी खात्री, मगच पुढचे बोला.

सिमेंट किंवा राख पेटत नाही, पण मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते आणि दिवा लावला की लेन्ससमोर बर्फ पडल्यासारखे चित्र येते. दिवा लेन्सपासून जितका बाजूला, तितके हे कमी.

१६. बॉयलर आणि चिमणीत काय वेगळे सांभाळावे?

गाळप संपल्यावर बॉयलर थंड व्हायला द्या. भिंत हाताला गरम लागत असेल तर थांबा. ड्रोन आत जातो म्हणून माणसाने मॅनहोलमध्ये डोके घालायची परवानगी मिळत नाही. बंदिस्त जागेचे परमिट आणि वायूचे मोजमाप लागतेच. ड्रोन अडकला की घाईने कोणीतरी आत शिरतो, अपघात होतो तो तिथे.

चिमणीत वर जाणारा ओढा असतो. आतली हवा बाहेरपेक्षा थोडी गरम असली तरी तो असतो. खालचे डँपर (हवा अडवणारी झडप) आणि दार बंद करून तो कमी करा. वर जाताना ड्रोन हलका वाटतो, उतरताना खरी परीक्षा: स्वतःनेच खाली ढकललेल्या हवेत वेगाने उतरला तर पंखांची पकड जाते आणि तो डगमगत कोसळतो. सेकंदाला १ मीटरपेक्षा हळू उतरा, आणि डगमगला तर थ्रॉटल वाढवण्याआधी थोडे बाजूला सरका. आमच्या मते ड्रोनच्या रुंदीच्या तिप्पट व्यास नसेल तर आत नेऊच नये.

१७. ड्रोन ट्रसवर अडकला. आता?

मोटर बंद करा. पंख अडकून फिरत राहिले तर ईएससी जळते. मोटर थांबवायची दोन्ही स्टिकची ठरलेली हालचाल आधीच पाठ हवी, मॅन्युअल उघडायची ती वेळ नव्हे. मग सिझर लिफ्ट किंवा बूम लिफ्ट मागवा. फायबरचा लांब दांडा चालतो, लोखंडी पाइप नाही, कारण वर बसबार असतात (प्रश्न ९). पत्र्यावर चढून वरून काढायचा विचारही नको. ॲस्बेस्टॉस आणि पारदर्शक पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत. खाली पडलेली बॅटरी अर्धा तास उघड्यावर, वाळूच्या बादलीजवळ ठेवून निरीक्षण करा, लगेच पिशवीत नको.

१८. शेडमधली कबुतरे त्रास देतात का?

घाबरून उडतात आणि ड्रोनच्या वाटेत येतात. पहिल्या दोन मिनिटांत हळू फिरवून त्यांना जागा बदलू द्या. घरट्याच्या बेमध्ये शक्यतो जाऊ नका.

१९. ड्रोनचे फोटो दाखवले तर बॉयलर निरीक्षक प्रत्यक्ष तपासणी सोडतील का?

तसे गृहीत धरू नका. बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाची तपासणी आणि हायड्रॉलिक चाचणी ही ठरलेली प्रक्रिया आहे. ड्रोनमुळे एवढेच होते: परांची बांधायच्या आधी कुठली नळी, कुठला रिफ्रॅक्टरीचा (आतल्या उष्णतारोधक अस्तराचा) तुकडा पाहायचा हे कळते, म्हणून कमी परांची बांधावी लागते. नळीची जाडी फोटोत कळत नाही, त्याला अल्ट्रासॉनिक मापन लागते. अहवालात प्रत्येक फोटोला बाजू, नळी क्रमांक आणि जमिनीपासूनची उंची लिहा. नुसते २०० फोटोंचे फोल्डर पाठवले तर मेंटेनन्सवाले ते उघडून पाहत नाहीत.